गोवर नव्हता तो

माझ्या लहानपणी मला गोवर आला, तेव्हा आईने पाच दिवस घरात फोडणी केली नाही. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, शाळेला सुट्टी, आणि एरवी कामात बुडालेली आई दिवसभर माझ्या उशाशी. औषध नाही की डॉक्टर नाही. देवी पाहुणी आलीय, ती आपल्या पावलांनी जाईल, असं सगळे म्हणायचे. इतकं लाडाचं आजारपण मला पुन्हा मिळालं नाही.

म्हणून नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षांच्या लेकीला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी मानेवर, छातीवर लाल पुरळ उठलं, तेव्हा खरं सांगते, मला बरंच वाटलं. ऑफिसात रजा टाकली. सोसायटीच्या कुंपणालगतच्या झाडाचा पाला आणला, फोडणी बंद केली. पदवीधर बाई मी, पण हौस दांडगी.

सासूबाई चांदवडकडच्या. त्यांनी नातीच्या पोटावरून हात फिरवला. "हा गोवर नाय. गोवराला नाक गळतं, डोळे लाल व्हतात. हिचं अंग किसणीवानी लागतंय. घसा लय दुखतो म्हणती पोर. दवाखान्यात ने."

"आई, मला कळतं हो," मी म्हणाले, आणि आणखी दोन दिवस घालवले.

चौथ्या दिवशी लेक पाण्याचा घोटही गिळेना, तेव्हा आम्ही दोघी तिला घेऊन धावलो. डॉक्टरांनी जीभ बघितली. स्ट्रॉबेरीसारखी लालभडक, दाणेदार. स्कार्लेट फीव्हर, ते म्हणाले. घशातल्या जंतूंमुळे होतो. अँटिबायोटिक पूर्ण दहा दिवस द्यायचं, बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही, नाहीतर पुढे हृदयाला, किडनीला त्रास होऊ शकतो. मग लेकीच्या केसांत अडकलेलं कडुलिंबाचं पान त्यांनी काढलं आणि नऊवारीतल्या सासूबाईंकडे बघून चिडून म्हणाले, "आजी, पाल्यावर चार दिवस काढलेत. पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "चुकलं, डॉक्टरसाहेब," म्हणाल्या. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

लेक बरी झाली. पुढे बोटांची सालं निघायला लागली, ती सोलत बसायची आणि आजी हातावर चापट मारायची. दहाही दिवस औषधाची वेळ सासूबाईंनीच पाळली. त्या लटक्या चापट्या, ती दोघींची भांडणं अजून कानात आहेत.

आज सासूबाई नाहीत. लेक मैत्रिणींना कौतुकाने सांगते, आमच्या आजीने गोवर समजून मला पाल्यावर निजवलं होतं. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.