दर वीस मिनिटांची खरखर

स्पीकर निवडायला आलेल्या माणसाने स्पीकरकडे तोंड करून बसावं, एवढीच त्या दुकानाची माफक अपेक्षा होती. खिडकीबाईंनी खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून ऐसपैस बसल्या. टायवाल्या विक्रेत्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे.

"आई, अगं लोक बघतायत."

"बघू देत. एकतीस वर्षं मी याच बाजूने सिनेमे ऐकलेत."

खोटं नव्हतं ते. एका पडद्याच्या टॉकीजमध्ये त्या तिकीटखिडकीवर बसायच्या, म्हणून सगळ्यांनी त्यांना खिडकीबाई करून टाकलं. खुर्चीच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे थिएटर. समोर रांग, धक्काबुक्की, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या मागताना लाजून लाल होणारी जोडपी. आणि पाठीला भिंतीतून येणारा सिनेमा. नायिकेचं रडणं खांद्यांना कळायचं, मारामारी कमरेला. शेकडो सिनेमे त्यांना तोंडपाठ होते, पण पुरता पाहिलेला एकही नव्हता.

वर केबिनमध्ये मशीन चालवायचे ते ऑपरेटर, म्हणजे त्यांचे यजमान. मशीनच्या खडखडाटात त्यांना निम्मे संवाद ऐकूच यायचे नाहीत. घरी चालत जाताना ते दिसलेलं सांगायचे, त्या ऐकलेलं सांगायच्या, आणि दोघांचा मिळून एक सिनेमा व्हायचा. कधी कधी सिनेमापेक्षा हा सिनेमाच झकास व्हायचा. काय दिवस होते ते! आता टॉकीजच्या जागी गाड्या उभ्या करतात.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने ऑपरेटरांचे डोळे गेले. तेव्हापासून घरात सिनेमाचं नाव काढायची सोय उरली नाही. "दिसत नाही त्याला सिनेमा म्हणत नाहीत," एवढं बोलून ते काठी टेकत गॅलरीत जाऊन बसायचे आणि दिवस दिवस तोंडातून शब्द काढायचे नाहीत. लेकीने हट्ट धरला, की उत्तम स्पीकर आणू, बाबांना निदान ऐकता तरी येईल. खिडकीबाईंना मात्र नवऱ्याचा स्वभाव पक्का ठाऊक होता. पहिल्या दिवशी ते अर्ध्यातून उठले, तर पुन्हा जन्मात बसायचे नाहीत. म्हणून निवड त्यांनी लेकीवर सोडली नव्हती.

विक्रेत्याने आधी सगळ्यात धिप्पाड जोडी लावली. एक इमारत कोसळली, टेबलावरचे पाण्याचे पेले थरथरले.

"कसा वाटला?"

"माझी फुप्फुसं हलली हो. माणसं काय बोलतायत ते कुठे कळलं?"

मग त्यांनी फर्माईश केली. दीपगृहाच्या रखवालदाराचा जुना, काळा-पांढरा सिनेमा. त्यांच्या टॉकीजला पंचवीस आठवडे चाललेला. लेकीने तो फोनवर शोधून दिला. विक्रेत्याने दुसरी जोडी लावली आणि कसलंसं बटण दाबलं. आवाज मधासारखा गोड आला. खिडकीबाई डोळे मिटून वीस मिनिटं हलल्या नाहीत. विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक गळाला लागलं.

"यातली खरखर कुठे गेली?" डोळे उघडून त्यांनी विचारलं.

"काढून टाकली मॅडम! जुन्या प्रिंटचा सगळा कचरा हा आपोआप साफ करतो."

"कचरा?" खिडकीबाईंचा आवाज चढला. "कचरा म्हणे!"

त्याची बिचाऱ्याची काय चूक? त्याला कुठून कळणार! पूर्वी सिनेमा रिळांत यायचा. एक रीळ वीसेक मिनिटांचं. संपत आलेल्या रिळाचं टोक हाताळून हाताळून ओरखडलेलं असायचं, म्हणून तिथे खरखर यायची. खरखर ऐकू आली की ऑपरेटर हँडलवर हात ठेवायचा, आणि नेमक्या क्षणी ते खाली ओढून दुसऱ्या मशीनवरचं रीळ चालू करायचा.

एका उन्हाळ्यात खरखर आली आणि तिच्यामागून काहीच आलं नाही. थिएटरात शिट्ट्या सुरू झाल्या. खिडकीबाई रांग तशीच टाकून धावल्या, जिना चढताना त्यांची एक चप्पल सुटली. केबिनमध्ये ऑपरेटर उकाड्याने बेशुद्ध पडले होते. पाणी मारल्यावर शुद्धीवर आले आणि पहिलं विचारलं काय, तर "रीळ बदललं का?" असला हा माणूस!

त्या दिवसापासून दर वीस मिनिटांनी खिडकीबाईंचा श्वास अडकायचा. खरखर यायची, पुढचं वाक्य यायचं, मग त्या पुढचं तिकीट फाडायच्या. हे मात्र त्यांनी घरी जाताना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि ते हसणं खिडकीबाईंना सोसलं नसतं.

कोपऱ्यात साध्या लाकडाची एक उंच, सडपातळ जोडी उभी होती. "आणि ती?"

विक्रेता घुटमळला. "आमच्याकडची सगळ्यात उत्तम जोडी आहे मॅडम. पण जुन्या प्रिंटसाठी मी ती सुचवत नाही. ती काही झाकत नाही. जे असेल ते जसंच्या तसं ऐकवते."

पुन्हा पहिल्यापासून तेच रीळ लागलं. शेवटी पाठीमागून ती खरखर आली, अगदी भिंतीतून यायची तशी. लेकीने पाहिलं, तर आईने पदर डोळ्यांना लावला होता.

"हीच," खिडकीबाई म्हणाल्या.

रविवारी दुपारी लेकीने स्पीकर जोडून दिले, तोच दीपगृहाचा सिनेमा लावला आणि शहाण्यासारखी बाहेर निघून गेली. ऑपरेटर कुरकुरत सोफ्यावर बसले. खिडकीबाई शेजारी बसल्या, या वेळी तोंड टीव्हीच्या पडद्याकडे करून. पण त्यांचं सगळं लक्ष नवऱ्याच्या काठीकडे.

बाराव्या मिनिटाला काठी हलली. "झालं, बसलो. ऐकला तुमचा स्पीकर."

खिडकीबाईंनी हात धरला नाही की गयावया केली नाही. "रीळ संपू द्या, मग उठा," एवढंच म्हणाल्या.

चालू रीळ सोडून कधी कुठला ऑपरेटर उठलाय? चडफडत ते पुन्हा टेकले.

आणि खरखर आली. ऑपरेटरांची मान ताठ झाली. उजवा हात काठीवरून सुटला, हवेत वर गेला आणि नेमक्या क्षणी झर्रकन खाली आला. रखवालदाराचं पुढचं वाक्य न अडखळता सुरू झालं. खिडकीबाईंनी कोंडलेला श्वास सोडला. डोळे गेले तरी ऑपरेटरांचे कान शाबूत होते.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. सवय आहे."

"कसली?"

मग मात्र त्यांनी सांगून टाकलं. "तुम्ही चक्कर येऊन पडलात ना, तेव्हापासूनची. खरखर आली की जीव मुठीत धरून बसायचे मी. पुढचं वाक्य ऐकू आलं की कळायचं, तुम्ही ठीक आहात."

"रोज?"

"रोज. प्रत्येक खेळाला."

ऑपरेटर हसले नाहीत. मग त्यांनी काठी चाचपडत सोफ्यामागे ठेवून दिली, आणि हात हँडलच्या उंचीवर तयार ठेवला.

"अजून सहा रिळं आहेत," ते म्हणाले. "मशीनकडे मी बघतो. तू आज सिनेमा बघ."