बुरुंडीची कॉफी आणि माझं डोकं

चाकणच्या कंपनीत क्वालिटीला बारा वर्षं काढली, तेव्हा वाटायचं, वैतागाची हद्द म्हणजे शिफ्ट सुटताना आलेलं रिजेक्शन. मग मी वाकडला कॉफीचं दुकान टाकलं, तेही फक्त बुरुंडीच्या कॉफीचं! बुरुंडी म्हणजे आफ्रिकेतला, टांझानियाला खेटून असलेला डोंगराळ देश. तिथली कॉफी पहिल्यांदा प्यायले तेव्हा दहा मिनिटं कुणाशी बोलले नव्हते. आता दिवसभर बोलतेच आहे! किस्से इतके साठलेत की नवऱ्याने ते घरी सांगायला बंदी घातलीय. म्हणून तुम्हाला सांगते.

*

पहिला मान बोर्डवाल्याचा. मोठ्या अक्षरांत 'बुरुंडी कॉफी' लिहून दिलं. बोर्ड लागला, 'बुंदी कॉफी'!

"अहो, हे काय?"

"मॅडम, तुमची लिहिण्यात चूक झाली होती. मी सुधारून घेतली!"

नवा बोर्ड यायला आठवडा लागला. तेवढ्यात तीन कुटुंबं साखरपुड्याच्या लाडवांची चौकशी करून गेली.

*

भिंतीवर बुरुंडीचा नकाशा लावलाय. उत्तरेकडचे कायांझा आणि न्गोझी हे कॉफीचे भाग त्यात लाल रंगवलेत. बीडहून लेकाकडे आलेले एक काका नकाशाला नाक लावून उभे.

"एवढासाच देश? आमचं बीड आन् नगर जोडलं की झाला की!"

"बरोब्बर काका!" मी खूश.

"मग बीडलाच लावा ना कॉफी! इतक्या लांब कशाला जायचं?"

डोंगरांची उंची, पाऊस, माती, सगळं पाऊण तास समजावलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि उठताना म्हणाले, "ते खरंय. पण प्रयत्न पाहिजे!"

*

पाकिटावर कुठल्या चवी लागतात ते छापलेलं असतं. संत्रं, गूळ, काळा चहा. एक आयटीवाला चिडला.

"मॅडम, संत्रं कुठाय?"

"जरा गार झाली की लागेल."

अर्धा तास थांबला बिचारा. संत्रं नाही लागलं, गूळही नाही.

"काळा चहा मात्र लागला," तो म्हणाला.

"वा!"

"वा काय? चहाच प्यायचा होता तर मी घरीच होतो की!"

*

मग जुन्या कंपनीनेच ऑफिससाठी ऑर्डर दिली. माझी पहिली मोठी ऑर्डर, दुकान तिच्यावरच तगणार होतं. आठवड्यात जुन्या साहेबांचा फोन. "कॉफीला कच्च्या बटाट्याचा वास येतोय!"

येतो कधीकधी. तिकडे एक किडा कॉफीच्या फळाला चावतो, त्यातून एखादा दाणा तसा निघतो. बाहेरून ओळखू येत नाही, दळला की कळतं. तेवढं दळण टाकून द्यायचं, बस. हे सगळं सांगितलं.

"रूट कॉज?"

"किडा, सर."

"करेक्टिव्ह अॅक्शन?"

"सर, किडा बुरुंडीत आहे!"

"मग मेल टाका. सोमवारपर्यंत उत्तर पाहिजे!"

रविवारभर बसून किड्याच्या वतीने रिपोर्ट लिहिला. ऑर्डर टिकली. तो रिपोर्ट आता तिथे नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतात.

*

माझे सासरे, आबा, चाकणजवळच्या निघोज्याचे. शेती केलेला माणूस. दुपारी दुकानात येऊन बसतात, पण कॉफीला शिवत नाहीत. "काळं पानी" म्हणतात.

अशाच एका दुपारी चाकणला ट्रेनिंगसाठी आलेला एरिक नावाचा तरुण आत आला. इंग्रजीत म्हणाला, "मी कायांझाचा. वडिलांची कॉफीची झाडं आहेत."

मला भरूनच आलं! ज्याला काही समजावून सांगायला नको असा एक तरी भेटला! जिवापाड जपून कॉफी केली, एक कप त्याला, एक मला. त्याने घोट घेतला.

"कशी झालीय?"

"काय सांगू? आमची सगळी कॉफी बाहेर जाते. घरी चहा असतो. मी आज पहिल्यांदाच पितोय."

मी कपाळावर हात मारला.

"काय म्हंतोय?" आबांनी विचारलं. मी सांगितलं. आबा खुर्ची ओढून एरिकशेजारी बसले.

एरिकने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक थकलेला शेतकरी, मागे झाडं. त्यांनी काहीतरी विचारलं.

"बाबा विचारतायत, तिकडे लोकांना आवडते का?"

मी ते आबांना मराठीत सांगितलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा कप उचलला, फोनसमोर धरला आणि एका दमात रिकामा केला. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"झ्याक हाय, पाव्हनं! लई झ्याक!"

तिकडे म्हाताऱ्याने हसत टोपी काढली. फोन बंद झाला. आबांनी मिशा पुसल्या.

"सूनबाई, आता च्या टाक. ह्यालाबी."