गाव कुठलं तुमचं?

इथं कन्नड मुलखात, राजाजीनगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मुलांचा गेमिंग क्लब भरायचा. हसू नका, आधी मीही हसले होते. जिथं भजनं होतात, हळदीकुंकू होतं, तिथं ही कसली थेरं, असं मी तोंडावर म्हणाले होते. पण घरी दार लावून पोरं कोणाशी खेळतात ते कळत नाही, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांदेखत खेळू देत, हे पालकांचं म्हणणं पटलं. आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौस दांडगी, त्यामुळे देखरेखीचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

हेडफोन लावायचा नाही, आवाज स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू येईल असा. बाहेरचा खेळाडू संघात घ्यायचा तर दोन मोठ्या माणसांनी हो म्हटलं पाहिजे. हे नियम मंडळाचे. एक मात्र माझा होता. पहिल्याच रविवारी पोरांना समोर बसवून सांगितलं, "खेळताना कोणी काही वेडंवाकडं बोललं, मागितलं, तर काकूला येऊन सांगायचं. सांगितलं म्हणून कुणाचाही खेळ बंद होणार नाही."

"प्रॉमिस?" पुढे बसलेल्या मुलीनं विचारलं.

"प्रॉमिस," मी म्हणाले.

ती अकरा वर्षांची. आईवडील पुण्याहून नोकरीसाठी आलेले, पण ही वाढली इथंच. "काकू, स्वल्प थांबा ना, मी आत्ता आली," असं तिचं कन्नड मिसळलेलं मराठी. मला गोड वाटायचं. तिच्या वडिलांना मात्र त्याची लाज वाटे. लेकीचं मराठी सुधारावं म्हणूनच त्यांनी तिला मंडळात घातलं होतं, आणि ती येऊन बसली कॉम्प्युटरसमोर! खेळात मात्र पक्की. मुलगेसुद्धा तिला कॅप्टन म्हणायचे.

एका रविवारी संघात एक खेळाडू कमी पडला. कुठूनसा एकजण ऑनलाइन खेळात आला आणि स्पीकरवरून आवाज आला, "नमस्कार मंडळी, मी येऊ का?" मराठीत! अख्ख्या हॉलच्या माना वळल्या. इथं ऑफिसात हिंदी, दुकानात कन्नड, पोरांच्या तोंडी इंग्रजी. असा अचानक मराठी आवाज कानावर पडला की आमची माणसं विरघळतातच.

मंडळाच्या सेक्रेटरींनी धावत येऊन माइक घेतला. पहिला प्रश्न काय, तर "गाव कुठलं तुमचं?"

"वाईजवळ आहे, काका."

"अरे, माझी सासुरवाडी वाईची!" झालं, काकांचा चेहरा फुलला. मग कुठली गल्ली, कुठला घाट, कुणाचे कोण. तो इंजिनिअरिंगला आहे म्हणाला. मुलीचे वडीलही पुढे झाले. "बरं झालं, हिला मराठी बोलायला कोणीतरी मिळालं. घरीसुद्धा खेळत जा गं याच्याशी."

"अहो, पण त्याचा चेहरा पाहिलाय का कुणी?" मी म्हटलं.

"काकू, तुम्हाला सगळेच चोर दिसतात," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले. मी चिडून चहा ठेवायला निघून गेले. दोन मोठ्या माणसांनी हो म्हटलं होतं, नियम पाळला गेला होता.

पुढे काही आठवड्यांनी मुलं इडल्या खात होती तेव्हा ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "काकू, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही गं बाई, सांग."

तिनं टॅब पुढे केला. घरी खेळताना त्या वाईच्या मुलाकडून आलेले निरोप होते, सगळे मराठीत. आधी शाळा कुठली, मग शाळेची बस कुठं थांबते, मग फोटो पाठव. आणि शेवटी, 'आईला नको सांगू हं, आपलं गुपित.' फोटो तिनं पाठवला नव्हता. बस कुठं थांबते ते मात्र सांगितलं होतं.

"सगळे विचारतात ना काकू, कुठं राहते, कुठली," ती म्हणाली. "काकांनी पण त्याला विचारलं होतं."

मी तिला जवळ घेतलं. "शहाणी गं माझी बाय ती. बरं केलंस सांगितलंस."

तिच्या आईवडिलांना बोलावलं, निरोप दाखवले. आईनं सगळ्यांसमोर पहिलं वाक्य काढलं ते, "तू बोललीसच कशाला त्याच्याशी?" ज्यांनी स्वतः घरी खेळायला सांगितलं होतं, ते वडील टॅबवरचे निरोप पुन्हा वाचत राहिले. मी पोलिसात जाऊ म्हटलं. "नको काकू, मुलीची जात आहे, उगाच बोभाटा," एवढंच ते म्हणाले. गेम चालवणाऱ्या कंपनीला मी कळवलं. त्यांनी त्याचं खातं बंद केलं. दुसऱ्या नावानं नवं काढायला किती वेळ लागतो ते आमची पोरंही सांगतील.

मंडळाची बैठक झाली आणि ठरलं काय, तर क्लबात मुली नकोत. मुलगे खेळू देत.

मी भांडले हो, घसा बसेपर्यंत भांडले. "अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय! तिनं सांगितलं म्हणून तर कळलं. मी पोरांना शब्द दिलाय!" सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "काकू, मुलींच्या भल्यासाठीच आहे." ज्यानं वाईचं नाव ऐकून दार उघडलं, तो भलंबुरं ठरवत होता. पुढच्या रविवारी मी हॉलची चावी टेबलावर ठेवली आणि घरी येऊन पोटभर रडले.

चावी ठेवण्याआधी, त्याच सकाळी, ती तिची पाण्याची बाटली न्यायला आली होती. आईचा हात धरून उभी. तिच्या खुर्चीवर दुसराच मुलगा बसला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना काकू, बंद नाही होणार." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

परवा संक्रांतीला बऱ्याच दिवसांनी मंडळात गेले तेव्हा ती भेटली. उंच झालीये. ताटात तिळगुळाशेजारी इथलं तीळ, गूळ, खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्लही होतं, ती सगळ्यांना वाटत होती. मराठी अगदी स्वच्छ झालंय, वडील कौतुकानं सांगत होते. माझ्या हातावर तिळगूळ ठेवून ती म्हणाली, "गोड बोला, काकू."

"कशी आहेस गं?"

"छान आहे. सगळं ठीक."

तेवढ्यात ताटाच्या कडेला ठेवलेला तिचा फोन वाजला. तिनं बघितलं आणि पटकन तो पालथा करून ताटाखाली धरला. पुन्हा वाजला.

"कोण गं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. एक क्षण वाटलं, सांगेल.

"कोणी नाही, काकू," ती म्हणाली आणि ताट घेऊन पुढे गेली.