स्वखुशीने नेले

लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात मी फायलींचं कोडिंग करतो. म्हणजे पेशंट बाहेर पडला, बरा होऊन किंवा मरून, की त्याच्या आजाराला आणि त्याच्या जाण्याला ठरलेला कोड लावून कॉम्प्युटरात भरायचं. गावाकडं कोण एवढं समजावत बसणार? दवाखान्यात हाय म्हणतो. मग लोक मलाच नाडी दाखवतात.

आमच्याकडं एक कोड सारखा लागतो. डॉक्टरांचा सल्ला न मानता नातेवाइकांनी पेशंट स्वखुशीने नेला, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांनी हात टेकले की आमच्याकडची माणसं पेशंटला गावी नेतात. प्राण आपल्या घरात जावा, एवढंच मागणं. आणि ह्याला म्हणे स्वखुशी!

गेल्या उन्हाळ्यात माझेच बाबा तिथं आयसीयूत होते. आई म्हणाली, "त्यांना घरी न्यायचं. शब्द दिलाय मी." आमचं गाव निलंग्याच्या पुढं. कागदावर सही मी केली, आणि कोडिंगचा माझा जोडीदार रजेवर म्हणून निघण्याआधी कोडही मीच लावला. जिवंत नेले, स्वखुशीने.

औसा यायच्या आतच बाबा गाडीत गेले. आई त्यांचा हात चोळतच राहिली, पार घर येईपर्यंत. मला 'आई, सोड' म्हणवेना. लई जड गेला तो रस्ता.

कामावर गेल्यावर साहेबांना म्हणालो, नोंद दुरुस्त करा. ते म्हणाले, "बाहेर गेले ना? मग आपल्याकडं मृत्यू कसा दाखवणार? फाईल बंद झाली." बरोबरच होतं त्यांचं. नियम मला पाठ आहेत.

जिवंत गेलेल्यांची चौकशी करायला आमच्याकडून फोन जातो. तो रविवारी आईला आला. मी शेजारीच बसलो होतो. पलीकडून आमच्याच ऑफिसातली मुलगी विचारत होती, "पेशंट व्यवस्थित घरी पोचले का?"

मी फोन घ्यायला हात पुढं केला. आईनं तो बाजूला सारला.

"पोचले की," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत आले, पानी मागितलं. मीच पाजलं. मगच गेले. तेवढं लिवून घे, माय."