सालीखालची कोळ्याची मादी

लाकूडतोड्या म्हातारा जन्मभर सगळ्या जगावर खेकसला, बायकोवर तर उठल्यासुटल्या. एकदा मोळी वाहायला बायकोला सोबत घेऊन तो जंगलात गेला. तिथे त्याने कुजक्या खोडाची साल उचकटली, तर आत ओलसर अंधारात तळहाताएवढी कोळ्याची मादी बसलेली. आठ केसाळ पाय, आठ डोळे, आणि जबड्यात अंड्यांची पांढरी पिशवी घट्ट धरलेली.

"अहो, राहू द्या तिला," बायको म्हणाली.

"गप गं! तोंड भरलंय तिचं, चावतेय कशाने?" म्हणत त्याने पिशवीला हात घातला.

मादीने पिशवी टाकली आणि बोटाला कडकडून चावली. म्हातारा बोंबलत नाचू लागला.

"मीसुद्धा पोरांपायीच गप्प होते," बायको म्हणाली. "आता पोरं आपापल्या घरी गेली. मोळी तुमची तुम्ही उचला!"

आणि ती चालू लागली.