डबा हलका करा!

चार जुने सहकारी भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "त्या लेझरच्या डब्याचं सांग की!" एक किस्सा सांगावा तर त्याच्या मागून दुसरा हजर. लोक पोट धरून हसतात, माझं मात्र आजही डोकं फिरतं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप होतं. चंद्रावर उतरणाऱ्या यानाला खालची जमीन किती लांब आहे, हे लेझरचा झोत टाकून मोजायचं असतं. तो झोत टाकणारा डबा आम्ही सरकारी खात्यासाठी करत होतो. अट एकच, वजन ठरलेल्या मर्यादेच्या आत! नाहीतर डबा परदेशातून येणार आणि आमच्या वर्कशॉपला टाळं लागणार.

*

माझे मामा तासगावचे, बेदाण्याचे व्यापारी. डबा निरखून म्हणाले, "ह्यानं बेदाणा वाळंल का रं?"

"नाही मामा, हा चंद्रासाठी आहे."

"तिथं द्राक्षं हायत व्हय? मग कशाला एवढा आटापिटा!"

*

खंडेनवमीला आमचे स्टोअरकीपर आबा, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावत फिरले. लेन्सलाही लावलं! मधोमध, बोटानं दाबून! त्या लेन्ससाठी आमचे मालक नाना वर्षभर खेटे घालत होते.

मी ओरडलो, तर आबाच माझ्यावर तापले. "सायेब, यंत्राचा डोळा हाय त्यो! आधी त्यालाच लावाय नगं?"

वर मला पुसूही देईनात!

*

चाचणीसाठी समोरच्या डोंगरावर पांढरा पत्रा लावला होता. एके दिवशी अंतर एकदम निम्मं यायला लागलं. दिवसभर डबा उघडून डोकं फोडलं. मग नानांनी दुर्बीण लावली. मधल्या पडक्या भिंतीवर एका मावशींनी वाकळ वाळत घातली होती!

तिथवर धापा टाकत गेलो. "मावशी, काढा की ती!"

"तुमीच सरका की! ऊन हितंच लय पडतंय."

*

वजन उतरवायला डबा आतून पोखरला, स्क्रू बारीक केले. आमचा काटा बिघडला म्हणून डबा तोलायला सराफाकडे गेलो. बोलता बोलता नाना सांगून बसले की लेझरसाठी आत एक खडा असतो.

सराफानं पुढं केलेला हात मागे घेतला. "मग खडा काढून आणा. आमच्यात खड्याचं वजन धरत न्हाईत!"

*

शेवटी वजन बसलं! नानांनी पेढे वाटले. तेवढ्यात वरच्या कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. "डब्यावर खात्याच्या नावाची पाटी लावा. पितळी."

"साहेब, वजन वाढेल. आणि चंद्रावर ती वाचणार कोण?"

"ते तुम्ही बघू नका. पाटी नसेल तर डबा घेणार नाही."

लावली. झक मारत लावली! मग साहेब स्वतः आले, डबा आपल्या काट्यावर ठेवला आणि मान हलवली. "वजन जास्त भरतंय हो. आता बाहेरूनच मागवावा लागणार."

नाना भिंतीला टेकून खालीच बसले. साहेब निघाले आणि दारातून परत वळले.

"ती पाटी तेवढी काढून द्या. त्यांच्या डब्याला लागेल."