उजव्या कोपऱ्यातला ठिपका

सहा सप्टेंबरला लांब्याच्या हातात अकरा हजार आठशे साठ रुपयांचा चेक पडला. नऊ वर्षांच्या नोकरीचा तो शेवटचा हिशेब होता, आणि उजव्या हाताची दोन बोटंही त्यातच आली होती. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की मशीनवरचं संरक्षक झाकण कामगाराने स्वतः काढलं, अपघात त्याच्या निष्काळजीपणाने झाला, सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे. म्हणणं मांडायचं असल्यास वीस तारखेला सुनावणी, सोबत एक सहकारी आणता येईल. पत्राच्या पोचपावतीवर लांब्याला सही डाव्या हाताने करावी लागली.

खोक्यांच्या त्या कारखान्यात असं पत्र कुणाला आलं की तो माणूस सरळ पंचिंग मशीनकडे जायचा. तिथे नियमकाका उभे असायचे. खोक्यांचे पुठ्ठे कापण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि शर्टाच्या खिशात कंपनीची नियमावली असायची, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. एकोणीस वर्षांत ते तेवीस सुनावण्यांना सहकारी म्हणून गेले होते आणि सतरा जिंकले होते. हरलेल्या सहांचा विषय काढला तर आजही त्यांच्या कपाळाची शीर उडायची.

लांब्याचं पत्र त्यांनी मशीन बंद करून वाचलं.

"चेक बँकेत टाकू नकोस," ते म्हणाले. "टाकलास तर कबूल केल्यासारखं होईल."

"काका, घरात पैसा लागतो."

"लागतो ना? मग नोकरी परत मिळव. झाकण तू काढलं होतंस?"

"नव्हतंच ते. चार दिवस नव्हतं. मी सुपरवायझरना सांगितलं होतं, तर म्हणाले, चालव तसंच."

नियमकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ते फाटकावर गेले आणि वॉचमनकडून रजिस्टर मागून घेतलं. एकोणतीस ऑगस्टच्या पानावर नोंद होती: गेटपास चारशे सतरा, झाकण एक नग, वेल्डिंगसाठी बाहेर. खाली सही मेंटेनन्स विभागाची. अपघात झाला दोन सप्टेंबरला, आणि तोवर झाकण परत आल्याची नोंद नव्हती. म्हणजे जे झाकण लांब्याने काढलं म्हणत होते, ते त्या दिवशी कारखान्याच्या हद्दीतच नव्हतं. वॉचमनने गेटपासची कार्बन प्रत काढून दिली. नियमकाकांनी ती घडी घालून नियमावलीत ठेवली. अठरावा विजय हातात आल्यासारखाच होता.

दहा तारखेला युनियनच्या ग्रुपवर एक लिंक आली. पाठवणारा नवा सेक्रेटरी, प्रिंटिंग मशीनवरचा, उत्साही आणि बोलण्यात पटाईत. इंटरनेटवर एक चाचणी होती. तिच्यात बासष्ट विधानं, प्रत्येकाला सहमत की असहमत ते सांगायचं, आणि शेवटी एका चौकोनात तुमचा ठिपका उमटणार. डावीकडे कष्टकऱ्यांच्या बाजूचे, उजवीकडे भांडवलाच्या बाजूचे, वर कडक शासनवाले, खाली मोकळीकवाले. सेक्रेटरीने लिहिलं होतं, 'आपण नक्की कुठे उभे आहोत, हे प्रत्येकाने तपासावं. विशेषतः जे आपल्या वतीने बोलतात त्यांनी.'

रविवारी सकाळी लेकीने प्रश्न वाचले आणि नियमकाकांनी उत्तरं दिली. लेक दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, तिला फॉर्म भरण्याची सवय होती.

"एकदा केलेला करार परिस्थिती बदलली तरी पाळलाच पाहिजे."

"पूर्ण सहमत." पगारवाढीच्या करारावर सह्या करून कंपनीने दोनदा परिस्थिती बदलल्याचं कारण दिलं होतं.

"बाबा, 'काही अंशी सहमत' असंही आहे."

"काही अंशी म्हणजे? करार काही अंशी पाळतात का?"

"नियम मोडणाऱ्याला दयामाया न दाखवता शिक्षा व्हावी."

"पूर्ण सहमत! दोनदा दाब!" एकतीस वर्षांत त्यांनी पाहिलेले नियम मोडणारे वरच्या मजल्यावर बसत होते.

"खासगी मालमत्तेला कुणीही हात लावता कामा नये."

"सहमत. माझा फंड ही माझी मालमत्ता. सात महिने पगारातून कापला आणि भरला नाही मेल्यांनी."

"धंद्याचं पहिलं काम नफा कमावणं हे आहे."

"मग? बोनस कशावर निघतो? ज्या वर्षी कागदावर तोटा दाखवला त्या वर्षी आपल्या तोंडाला पानं पुसली होती."

आतून बायको म्हणाली, "त्यांना कसलं विचारतेस गं? मला मागणी घातली तेव्हासुद्धा चार अटी लिहून आणल्या होत्या. खाली सही."

"तू पण केलीस ना सही?"

"केली. आणि कबूल केल्याप्रमाणे पाळतेय. तुमची तिसरी अट कुठे गेली ते विचारा स्वतःला."

ठिपका उमटला तो चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. लेकीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. नियमकाकांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "छान. कोपऱ्यातली जागा मिळाली."

सोमवारी जेवणाच्या खोलीत सगळ्यांचे मोबाईल बाहेर आले. सेक्रेटरीने एका पुठ्ठ्यावर मोठा चौकोन आखला होता आणि स्केचपेनने तो एकेकाचा ठिपका मांडत होता. खाली डावीकडे अकरा ठिपके दाटीवाटीने बसले होते, आणि वर उजवीकडे नियमकाका एकटे.

"काका, मालकाच्या केबिनमध्ये शिरलात की!" कुणीतरी ओरडलं.

"एसी लागतो ना म्हाताऱ्याला!"

नियमकाका डबा उघडत राहिले. तेवढ्यात कर्मचारी विभागाचे साहेब पाण्याची बाटली भरायला आत आले. पुठ्ठा बघून हसले आणि त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला. ही चाचणी त्यांनी मागेच दिली होती. "मी तर तुमच्याहूनही डावा निघालो," ते म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बारावा ठिपका त्या अकरांच्या मधोमध बसला.

नियमकाका उभे राहिले.

"साहेब, लांब्याचं पत्र तुमच्याच सहीचं आहे ना?"

"ते कामाचा भाग म्हणून, काका. व्यक्तिशः मला फार वाईट वाटलं."

"बघा रे," नियमकाका पोरांकडे वळले. "बोटं गेली ती व्यक्तिशः गेली. पत्र मात्र कामाचा भाग. आणि ठिपका याचा तुमच्यात!"

साहेब बाटली अर्धवट भरून निघून गेले. सेक्रेटरीने आवाज मऊ केला. "काका, मनाला लावून घेऊ नका. पण कामगाराच्या बाजूने बोलायला जाणारा माणूस मुळात कामगाराच्या बाजूचा हवा, हे तुम्हीही मान्य कराल."

"म्हणजे एकतीस वर्षं मी काय गालिच्यावर उभा होतो?"

पेस्टिंग विभागातली थोरली बाई हात पुसत म्हणाली, "पोरांनो, चाचणी घ्यायचीच तर नियमावलीची घ्या. तुमचे ठिपके पुठ्ठ्याबाहेर जातील."

हशा पिकला, पण निर्णय बदलला नाही. हात वर झाले, सुनावणीला सेक्रेटरी जाईल असं ठरलं. लांब्याला बोलावून सहकाऱ्याच्या नेमणुकीचा कागद पुढे केला. त्याने एकदा नियमकाकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"काका, सगळेच म्हणतायत..."

"सहकारी निवडायचा हक्क कामगाराचा आहे. कलम चौदा," नियमकाका म्हणाले. "मी कोण बोलणारा?"

लांब्याने सही केली.

गेटपासची प्रत नियमकाकांनी पाकिटात घालून सेक्रेटरीच्या हातात दिली. "दोन वाक्यं बोल. झाकण एकोणतीसला बाहेर गेलं, हा गेटपास. अपघात दोनला झाला, हे तुमचंच पत्र. तिसरं वाक्य बोललास तर ऐकणारा पहिली दोन विसरतो."

"काळजी नको काका."

वीस तारखेला सेक्रेटरी पस्तीस मिनिटं बोलला. मालक आणि मजूर, यंत्र आणि माणूस, घाम आणि नफा, काही म्हणून सोडलं नाही. समोर साहेब होते. ते मान डोलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कागदोपत्री काही द्यायचंय?" सेक्रेटरी म्हणाला, "आमचा घाम हाच आमचा कागद." साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि चौकशी पूर्ण झाल्याचा शेरा मारला. निकाल तीन दिवसांत आला. कामावरून कमी करण्याचा आदेश कायम, मानवतेच्या भावनेतून पाच हजार जादा.

नियमकाका प्रिंटिंग मशीनपाशी गेले. सेक्रेटरीने मशीन थांबवायच्या आत त्यांनी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बोट केलं.

"पाकीट?"

त्याने ते काढून दिलं. चिकटवलेली बाजू तशीच होती.

"बोलण्याच्या ओघात राहून गेलं, काका. पण साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच."

"साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लांब्याची नोकरी गेली! रुमाल द्यायचा होता ना मग सोबत!" आवाज पार पलीकडच्या कोरूगेशन विभागापर्यंत गेला. "अरे, तुझा ठिपका डावीकडे आहे की आणखी कुठे, ते मला काय करायचंय? हा कागद टेबलाच्या त्या बाजूला पोचवायचा होता. दोन हात अंतर! तेवढं झालं नाही तुझ्याच्याने!"

त्या संध्याकाळी ते लांब्याच्या घरी गेले. निकालावर पंधरा दिवसांत संचालकांकडे अपील करता येत होतं. अर्ज लिहून तयार होता, फक्त सही हवी होती. दार लांब्याच्या बायकोने उघडलं. नियमकाकांनी अपिलाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "काका, कागद तुमच्याकडे होता. तुम्हाला ठाऊक होतं की तो पोरगा घोटाळा करणार. त्या दिवशी गप्प का बसलात?"

"वहिनी, हक्क त्याचा होता..."

"हक्क! तुम्हाला हसले म्हणून तुम्ही रुसलात. आणि रुसवा कलमात गुंडाळून आमच्या घरी पाठवलात."

नियमकाका उंबऱ्यावरच उभे राहिले. तेवीस सुनावण्यांत त्यांना कुणी असं अडवलं नव्हतं. खिशातली नियमावली त्यांनी काढली नाही.

"चुकलं," ते म्हणाले. आयुष्यात हा शब्द त्यांनी मोजून वापरला होता. "सही करायला सांगा त्याला. या वेळी मी जातो."

अपील घेताना साहेब गोड हसले. "काका, ठेवून जा, बघतो."

"शिक्का मारा. तारीख आणि वेळ घाला. वेळ तुमच्याच अक्षरात."

"विश्वास नाही का?"

"नाही."

संचालकांनी मेंटेनन्सला गेटपासबद्दल लेखी विचारलं, आणि लेखी उत्तर देताना तिथल्या लोकांची बोबडी वळली. चोवीस दिवसांनी पत्र आलं. लांब्याला कामावर परत घेण्यात येत आहे, तयार गठ्ठे मोजण्याच्या कामावर. मधले दिवस बिनपगारी रजा धरावी. 'वस्तुस्थितीचे आकलन होण्यात त्रुटी राहिली' असं एक वाक्य होतं. त्रुटी कुणाची, ते पत्रात नव्हतं. झाकणाशिवाय मशीन चालवायला ज्याने सांगितलं तो त्याच आठवड्यात शिफ्टचा प्रमुख झाला.

युनियनच्या ग्रुपवर सेक्रेटरीने वर केलेल्या मुठीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'लढ्याचा विजय.' साहेबांनी त्यावर टाळ्या पाठवल्या.

नियमकाका दुसऱ्या दिवशी मोजणीच्या टेबलापाशी गेले. लांब्या डाव्या हाताने गठ्ठे ओढत होता.

"बिनपगारी रजेविरुद्ध अर्ज लिहिलाय. सही कर."

"काका, आता राहू द्या. नोकरी मिळाली ना."

"मिळाली नाही, तुझीच होती. तुझीच वस्तू परत देताना यांनी वरून तुझा पगार कापलाय, आणि तू आभार मानतोयस. कर सही!"

लांब्याने डाव्या हाताने सही केली. आता ती जरा सरळ यायला लागली होती. अर्ज त्याच दुपारी शिक्क्यासह दाखल झाला आणि अजून वरच्या मजल्यावर पडून आहे.

अपिलाच्या आणि या अर्जाच्या झेरॉक्सचे मिळून चौऱ्याऐंशी रुपये युनियनकडून नियमकाकांना अजून यायचे आहेत.